फोटोचा कांदा

हा कांदा मी सकाळपासून तिसऱ्यांदा बघत होते.

पहिल्या कांदाचाळीत बघितला तेव्हा ओळखायचं काही कारण नव्हतं. दुसऱ्या चाळीत ढिगाच्या वर तसाच एक जोडकांदा दिसला, दोन तोंडांचा, एका बाजूनं साल उडालेला. म्हटलं, असतील दोन. तिसऱ्या चाळीत तो पुन्हा वरच, माझ्याकडे बघत बसलेला. तेव्हा मात्र मी फोटोसाठी धरलेला मोबाइल खाली घेतला.

"साळूबाई, हा कांदा कोणाचा?"

"ज्याची चाळ त्याचा." साळूबाईंच्या कडेवर माझी मनू होती आणि त्यांच्या गळ्यातली पोत तोंडात घालायच्या खटपटीत होती.

"आणि मघाशी शिंद्यांच्या चाळीत होता तो?"

"तो शिंद्यांचा."

"जोडकांदा तोच आहे."

साळूबाईंनी ढिगाकडे पाहिलं. मनूला दुसऱ्या कडेवर घेतलं, पुढे झाल्या, तो कांदा उचलला आणि ओच्यात टाकला. "घ्या. आता नाही राहिला. काढा फोटो."

मी फोटो काढला. दुसरं काय करणार होते?

त्या वर्षी वरून आदेश आला होता की कांदाचाळीच्या अनुदानासाठी तपासणीच्या फोटोत चाळ रिकामी दिसता कामा नये. आदल्या वर्षी कुठे चाळीत गुरं बांधलेली सापडली होती, कुठे लग्नाच्या पंगती उठल्या होत्या. आदेश बरोबरच होता. फक्त तो मार्चमध्ये आला. चाळीत टिकतो तो उन्हाळी कांदा, आणि तो जमिनीतून निघतो एप्रिलात. सरकारला पैसे मार्चअखेर खर्ची टाकायचे होते, कांद्याला अजून पाणी प्यायचं होतं. निमोणवाडीनं यातून आपला मार्ग काढला. साळूबाईंचा आधीच निघालेला रांगडा कांदा भाव नाही म्हणून शेडमध्ये पडून होता. त्यांच्या गोण्या ट्रॉलीत भरायच्या आणि तपासणीच्या पुढे पुढे एकेका चाळीत नेऊन ओतायच्या. फोटो झाला की पुन्हा भरायच्या. गावात त्याला सरळ फोटोचा कांदा म्हणत. रांगडा कांदा चाळीत कोणी ठेवत नाही, महिन्याभरात सडतो. पण फोटोत कांदा तो कांदा.

मी त्या गावची कृषी सहायक होते. बाळंतपणाची रजा नुकतीच संपली होती. नवरा पुण्याला कंपनीत, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन, आईकडे वहिनीचं बाळंतपण. मनूला ठेवायला जागा नव्हती म्हणून ती माझ्याबरोबर तपासणीला होती. साळूबाई आपल्या कांद्याच्या मागे होत्या. मी स्कूटी चालवत होते, मागे त्या, त्यांच्या मांडीत मनू.

"तुम्ही कशाला उन्हाच्या फिरता?" मी सकाळीच विचारलं होतं.

"राखण नको? एवढा कांदा गावभर फिरतोय. एकेकानं भाजीपुरता काढला तर संध्याकाळी मला रिकाम्या गोण्या मिळायच्या." मग मनूच्या टोपीची नाडी बांधत म्हणाल्या, "आणि ही पोर कोण धरणार होतं, सरकार?"

एक चाळ राहिली होती. लाभार्थी चंद्रकला पुंजाजी गोराणे. ट्रॅक्टर पुढे निघाला. चालवणारा वाल्मीक गोराणे, या चंद्रकलाचाच भाऊ. तिशीचा, कमी बोलणारा. दिवसभर त्यानं गोण्या चढवल्या-उतरवल्या होत्या, एकदाही कपाळाला आठी नव्हती. मी त्या धुळीतून स्कूटी हाकत होते आणि मनात फक्त एवढंच होतं, की ही चाळ झाली की घरी जाऊन आडवं व्हायचं. जेवायचं सुद्धा नाही. नुसतं आडवं व्हायचं. मागचे कित्येक आठवडे मी झोपेचा विचार असा करत होते, जसा कोणी माहेरचा करतं.

"पुढं कांदा, मागं सरकार," साळूबाई मागून म्हणाल्या. "वरातच निघाली की."

ओढ्यापाशी रस्ता फुटतो तिथे ट्रॅक्टर थांबला. वाल्मीक खाली उतरला आणि बाभळीच्या सावलीला जाऊन उभा राहिला.

"काय झालं?"

"डिझेल संपलं, मॅडम."

"आत्ता तर पळत होतं," साळूबाई म्हणाल्या.

"संपायचं तेव्हा संपतं, काकू." तो त्यांच्याकडे न बघता बोलला. "चाळ ती काय समोर दिसते. तुम्ही बघून या. जे आहे ते लिहा."

साळूबाईंनी ट्रॉलीकडे पाहिलं, वाल्मीककडे पाहिलं, आणि मनूची टोपी पुढे ओढली. आम्ही बांधावरून निघालो.

चाळ चांगली बांधली होती. मापात, सिमेंटच्या खांबांवर जमिनीपासून उचललेली, खालून वारा खेळेल अशी. वर पत्रे, बाजूंना बांबूच्या पट्ट्या, पट्ट्यांमध्ये बोटभर फटी. पण त्या फटींतून आतलं काही दिसत नव्हतं. आतून साड्या लावलेल्या होत्या. धुऊन रंग उतरलेल्या. एक हिरवी, एक जांभळी, एक फुलाफुलांची.

दाराशी एक म्हातारा उकिडवा बसला होता. हे पुंजाबा, चंद्रकलाचे वडील. मला बघून उठले, टोपी काढली, पुन्हा घातली.

"या ताई. पाणी घ्या."

मी टेप काढली. लांबी घेतली, रुंदी घेतली. पुंजाबा टेपचं दुसरं टोक धरून माझ्यामागे फिरत होते. मधेच म्हणाले, "ताई, अनुदान भेटलं की ही चाळ मोडता येत नाही म्हणतात. खरं काय?"

"खरंय."

"किती वर्षं?"

मी थांबले. असे लोक मला माहीत होते. पैसे खात्यात आले की अँगल आणि पत्रे विकून मोकळे होणारे. "बाबा, आत्ता कुठे बांधलीय. रंग वाळला नाही आणि मोडायचं विचारता?"

त्यांनी टोपी सारखी केली. टेपचं टोक मात्र सोडलं नाही.

तेवढ्यात मनू रडायला लागली. भुकेचं रडणं. माझा कुर्ता पुढून ओला झाला. मी आजूबाजूला पाहिलं. उघडं शेत, एक बाभूळ, दोन माणसं दूर पाटाचं पाणी फिरवत होती.

चाळीच्या दारातली साडी बाजूला झाली. माझ्यापेक्षा लहान असावी अशी एक बाई बाहेर डोकावली. "ताई, आत या. इथं कोणी नाही."

आत गेल्यावर डोळ्यांना वेळ लागला. मग दिसायला लागलं. दोन्ही बाजूंना कांदा भरायचे लांब कप्पे, मधून चालायची जागा. एका कप्प्यात फळ्या टाकून त्यावर गोधडी. पत्र्याच्या अँगलला झोळी. बांबूच्या पट्ट्यांत खोचलेली फणी, आरसा, बाळाच्या काजळाची डबी. कोपऱ्यात गॅसची लहान शेगडी आणि पाण्याचा हंडा. दुसरा कप्पा पूर्ण रिकामा, झाडून ठेवलेला. साड्यांमधून येणारं ऊन हिरवं-जांभळं होऊन जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलं होतं.

झोळीत एक बाळ झोपलं होतं. मनूच्याच वयाचं.

चंद्रकलानं मला गोधडीवर बसवलं आणि पाठीला उशी दिली. तशी उशी मला आईनं दिली होती, बाळंतपणात. त्यानंतर कोणी दिली नव्हती.

"पोरगी?" मी झोळीकडे बघत विचारलं.

"हो. तुमची?"

"पोरगीच."

मनू प्यायला लागली.

"इथेच राहता?"

"दिवाळीनंतर बांधायला घेतली बाबांनी. वर पत्रे चढले तशी राहायला आले." ती झोळीची दोरी हलवत होती. झोळी न हलवताही बाळ झोपलेलं होतं, पण हाताला सवय. "पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आले होते. सासरच्यांनी न्यायला यायचं असतं ना बाळाला, बारशानंतर. वाट बघितली. मग बाबा जाऊन विचारून आले."

"काय म्हणाले?"

"पाणी सुद्धा विचारलं नाही त्यांना." तिनं एवढंच सांगितलं. "घरात आधीच दहा माणसं, वहिनीची लेकरं. बाळंतिणीची खोली किती दिवस अडवायची? वहिनी वाईट नाही. पण रोज सकाळी ती विचारायची, आज काही निरोप आला का. रोज. मला त्याचाच कंटाळा आला, ताई. त्यापेक्षा इथं बरं. इथं कोणी विचारत नाही."

"वारा लागत नाही?"

ती हसली. "चाळच वाऱ्यासाठी असते. कांद्याला वारा पाहिजे, हिला नको. म्हणून लग्नातल्या सगळ्या साड्या लावल्या."

माझ्या पर्समध्ये तपासणीचा कागद होता. त्यात एक रकाना असतो, चाळीचा प्रत्यक्ष वापर कशासाठी. मी बसले होते तो वापर, माझ्या पाठीची उशी तो वापर, झोळी तो वापर. असं दिसलं की प्रस्ताव बाद करायचा, हे मला प्रशिक्षणातच सांगितलं होतं. मला राग आला, पण तिचा नाही. त्या म्हाताऱ्याचा. पोरीला कांद्याच्या चाळीत ठेवतो, तिच्या नावावर सरकारचे पैसे घेतो, आणि वर विचारतो मोडायची कधी.

बाहेर आवाज आले. वाल्मीक आला होता.

मी मनूला खांद्यावर घेऊन बाहेर आले. तो चाळीपासून चार हात लांब उभा होता. दारातल्या साडीकडे त्यानं बघितलं नाही.

"बघितलं ना, मॅडम? रिकामी आहे. आणि माणसं राहतात. तुम्हाला ते लिहावं लागतं ना? लिहा. पंच म्हणून सही मी करतो."

"अरे, बहीण आहे ना रे तुझी?" साळूबाई म्हणाल्या. "का ती पण डिझेलसारखी संपली?"

"काकू, तुम्ही मधी बोलू नका."

"मी कुठं मधी? मी तर कडेला उभी आहे, माझा कांदा उन्हात टाकून."

वाल्मीक माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्हाला वाटंल मी वाईट आहे. दहा माणसांचं घर मी ओढतो. रान माझ्या घामावर पिकतं. बाबांनी मला न विचारता हा तुकडा तिच्या नावावर केला. एका शब्दानं विचारलं नाही. गाव मला विचारतं, काय रे, वाटणी झाली का? आज ही चाळ झाली. उद्या हिचा नवरा येऊन बसला इथं, तर मी काय करू? तिला घर बंद नाही. यावं ना घरी."

आत झोळीची दोरी करकरत होती. ती थांबली.

मला सगळ्यांचंच बरोबर वाटायला लागलं होतं, आणि थकलेल्या माणसाला त्याहून वाईट काही नसतं. मी पुंजाबांकडे वळले.

"बाबा, चाळ रिकामी, त्यात माणसं. मी पास कशी करू? पैसे नियमात बसत नाहीत."

पुंजाबा बांधावर बसले होते. उठले. पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

"पैसे नका देऊ."

"म्हणजे?"

"पैसे राहू द्या सरकारकडं. माझा बैल विकून बांधलीय, फिटलंय सगळं. तेवढी अट लागू करा."

"कुठली अट?"

"ती. मोडता येत नाही ती."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मनूनं माझ्या खांद्यावर दुधाची गुळणी टाकली, ती पुसायचंही सुचलं नाही.

"मी किती दिवसांचा, ताई?" ते हळू बोलत होते, पण वाल्मीक तिथेच उभा होता आणि त्यांना ते माहीत होतं. "घर बांधलं असतं तर भावकी बोलली असती, पोरीला घर दिलं. जमिनीचा कागद केलाय, पण उद्या कोणी गोड बोलून हिच्याकडून अंगठा घेईल. ही देईल पण. हिचा स्वभाव तसा. मी विचार केला, सरकारची चाळ बांधू. वर सरकारची पाटी लागती. तिला हात लावायला माणूस धजत नाही."

वाल्मीकनं मान खाली घातली. चपलेच्या टोकानं ढेकूळ फोडलं.

"बाबा," मला माझाच आवाज निराळा ऐकू आला, "अट पैशांबरोबर येते. पैसे घेतले नाहीत, तर अटही लागत नाही."

"असं होय." ते खाली बसले. "मंग पैसे पण द्यावे लागतील."

साळूबाई फिस्सकन हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "बाई, तुमच्या कागदात राहतात असंच का लिहायचं? मी सकाळपासून माझ्या कांद्यामागं फिरतेय. मी काय ट्रॉलीत राहते? राखण करते. ही पण राखणीला आहे."

"कशाच्या राखणीला, साळूबाई? कांदा कुठाय?"

"ओढ्यापाशी. डिझेलची वाट बघत."

मी वाल्मीककडे बघितलं. साळूबाईंनी त्याच्या तोंडाची वाट बघितलीच नाही. चाळीशेजारी पालथी पडलेली दोन घमेली उचलली, एक आत सरकवलं. "ए चंदे, नीघ बाहेर. तुझ्या बापाच्या नशिबी ट्रॅक्टर नाही, आपली डोकी आहेत."

चंद्रकला बाहेर आली. तिच्या कडेवर बाळ, नुकतं उठलेलं, डोळे मिचकावत. तिनं भावाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी हात पुढे केला. एका खांद्यावर मनू, दुसऱ्या हातात तिची पोर. साळूबाई आणि चंद्रकला बांधावरून निघाल्या आणि त्यांच्या मागे पुंजाबा, खांद्यावर रिकामी गोणी टाकून.

ओढा लांब नव्हता, पण खेपा बऱ्याच झाल्या. घमेलं डोक्यावर, एक हात घमेल्याला, तोंडं उन्हानं लाल. साळूबाई प्रत्येक खेपेला येताना काहीतरी बोलत होत्या. त्यांचे गुडघे, सरकार, कांद्याचा भाव, वाल्मीकचं लहानपण. "हाच वाल्मीक, चड्डी न घालता माझ्या शेडमधनं गूळ चोरायचा. तेव्हा याचं डिझेल कधी संपलं नाही." वाल्मीक ढिम्म उभा होता. एका खेपेला पुंजाबांना अडखळायला झालं. गोणी पडली, कांदे बांधाच्या उतारानं गेले. वाल्मीकचा पाय हलला. तो गेला नाही, पण पाय हलला.

शेवटच्या खेपेनंतर रिकाम्या कप्प्याच्या दर्शनी बाजूला, पट्ट्यांना लागून कांद्याचा एक थर उभा राहिला. मागे पोकळच होतं. सकाळच्या तिन्ही चाळींत यापेक्षा जास्त खरं काही नव्हतं, आणि त्या तिन्ही मी पास केल्या होत्या. या चाळीला वेगळं माप लावायचा मला काय अधिकार होता? साळूबाईंनी ओच्यातला जोडकांदा काढला, वर ठेवणार होत्या, माझ्याकडे बघून पुन्हा आत टाकला.

"लाभार्थी समोर उभी राहा," मी म्हटलं. "चाळ मागे पूर्ण दिसली पाहिजे."

चंद्रकलानं त्या बाजूच्या साड्या काढल्या. पदर सावरून उभी राहिली. घामानं कपाळाची टिकली सरकली होती. मी मोबाइल काढायला गेले आणि लक्षात आलं की माझ्या दोन्ही हातांत दोन पोरी आहेत. साळूबाई धापा टाकत बसल्या होत्या. पुंजाबांचे हात मातीनं भरलेले.

मी चालत वाल्मीकपाशी गेले. "जरा धरा हिला."

"मी?"

"फोटो तुम्ही काढता का मग?"

त्यानं हात पुढे केले, तापलेलं भांडं घ्यावं तसे. भाची सात महिन्यांची होत आली होती. त्यानं तिला आधी कधी घेतलं असेल असं त्याच्या हातांवरून वाटलं नाही. तिनं मात्र लगेच त्याच्या खिशाला लोंबणारी ट्रॅक्टरची किल्ली पकडली आणि तोंडात घातली.

मी फोटो काढला. चंद्रकला सरळ माझ्याकडे बघत होती. फोटोत उजव्या कडेला एका पुरुषाचं कोपर आलंय आणि त्यावर एक इवलासा पाय. साहेब नंतर म्हणाले होते, हे कापून टाका. मी कापलं नाही.

वापराच्या रकान्यात मी लिहिलं: कांदा साठवणूक. आणि खाली शेऱ्यात: लाभार्थी चाळीवर स्वतः राखणीस असते.

"झालं, बाबा. पैसे खात्यात येतील, थोडा वेळ लागेल," मी कागद मिटत म्हटलं.

पुंजाबा पैशांचं ऐकतच नव्हते. "ताई, एक करा. ती अट जरा वाचा. मोठ्यानं वाचा."

"तुम्हाला सांगितली ना?"

"मला नको. मोठ्यानं वाचा."

आता मला समजलं होतं. मी कागद पुन्हा उघडला. शेतात उभं राहून, खांद्यावर मनू, समोर चार माणसं, मी शाळेत वाचायचे तशी वाचली. सदर चाळ अनुदान मिळाल्यापासून पाच वर्षे लाभार्थ्यास अथवा अन्य कोणासही मोडता, विकता, हलवता अथवा हस्तांतरित करता येणार नाही. तसे केल्यास शासन कारवाई करील.

वाचून मी कागद मिटला. किल्लीचा खुळखुळ तेवढा ऐकू येत होता.

"पाचच?" पुंजाबा म्हणाले. "नीट बघा. सात असतील."

"पाचच आहेत, बाबा."

"सहा करा."

"ते माझ्या हातात नाही हो."

बाजारात भाव तुटला नाही की शेतकरी जशी मान हलवतो तशी त्यांनी मान हलवली. नातीकडे बघितलं, मनातल्या मनात काही मोजलं असावं. "बरं. पाच तर पाच."

वाल्मीकनं पोरीच्या मुठीतून किल्ली सोडवायचा प्रयत्न केला. सुटेना. चंद्रकला पुढे आली, तिनं पोरीचं एकेक बोट उघडलं. किल्ली त्याच्या हातात, पोर तिच्या हातात. तो बांधावरून चालत गेला. थोड्या वेळानं ओढ्याकडून ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो आमच्याच दिशेनं येऊ लागला.

"भरलं वाटतं डिझेल," साळूबाई म्हणाल्या आणि गोण्या झटकायला उठल्या. कांदा परत भरायचा होता.

साहेबांनी शेऱ्यावर बोट ठेवलं होतं. "राखणीस असते म्हणजे?" मी म्हटलं, "साहेब, राखण." मार्चचा शेवटचा आठवडा होता, टेबलावर फायलींचा डोंगर होता. त्यांनी सही केली.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. पुंजाबा पावसाळ्यात गेले ते मला उशिरा कळलं. मनू आता तिसरीत आहे. धाकटा माझ्या मांडीवर झोपलाय, एका हातानं लिहितेय. हलले की उठेल.

चंद्रकला दर उन्हाळ्यात, कांदा भरून झाला की चाळीचा एक फोटो पाठवते. खाली काही लिहीत नाही. पहिल्या वर्षी कप्प्यात गुडघाभर कांदा होता. मग कमरेइतका. परवा आलेल्या फोटोत दोन्ही कप्पे पत्र्यापर्यंत भरलेले आहेत. बांबूच्या पट्ट्यांवर एकही साडी नाही, फटींतून पलीकडचं आभाळ दिसतंय. दारावरची पाटी गंजलीय. आणि शेजारी बिनगिलाव्याच्या विटांच्या भिंती, वर नवे पत्रे.

मी लगेच फोन लावला.

"अट केव्हाच संपली, ताई," ती म्हणाली. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "दादा विचारत होता, आता चाळीचं काय करायचं. म्हटलं, काय करणार? कांद्याला जागा पुरेना. आम्हीच बाहेर निघतो. विटा त्यानंच आणून टाकल्या. पैसे घेतले पण, सोडले नाहीत."

"आणि राखण?"

"पोरगी करते की. संध्याकाळी खिडकीतून बॅटरी मारते चाळीवर. खिडकीला अजून गज नाहीत, पण बॅटरी मारल्याशिवाय जेवत नाही." ती हसली. "तुम्हीच लिहून दिलंय ना."